सभ्य माणसाची पत्रे

रोम म्हटले की आपल्याकडे दोन-चार गोष्टी ठरलेल्या असतात. सीझरचा खून, सिंहांपुढे टाकलेली माणसे आणि रोम जळत असताना फिडल वाजवणारा नीरो. फिडल हे वाद्य तेव्हा अस्तित्वातच नव्हते. पण दंतकथेला वाद्याची अडचण पडत नाही. या साऱ्या गोष्टींत रोम दिसते ते एक तर भव्य, नाही तर भयंकर. वाचणाऱ्याला ते सोयीचेही असते. राक्षसांच्या गोष्टीत आपला काही संबंध नसतो; आपण कट्ट्यावर बसून पाहायचे, हळहळायचे आणि घरी जायचे.

परंतु साम्राज्ये नीरोंवर चालत नाहीत. ती चालतात वेळेवर उठणाऱ्या, कागद नीट वाचून सही करणाऱ्या, घरी पाहुण्यांचे आगतस्वागत करणाऱ्या आणि फावल्या वेळात चार ओळी खरडणाऱ्या सज्जनांवर. रोमचा असा एक सज्जन आपल्याला त्याच्या पत्रांतून पुरता भेटतो. त्याचे नाव धाकटा प्लिनी. ही पत्रे मी बेटी रॅडिस यांच्या १९६३ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादात वाचली आणि तेव्हापासून वरचेवर वाचत आलो आहे. त्यांच्याविषयी मला जे वाटते ते असे: रोमचा क्रूरपणा ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने क्रूर माणसांची चरित्रे वाचू नयेत; या सभ्य माणसाची पत्रे वाचावीत.

प्लिनीचा जन्म इ.स. ६१ किंवा ६२ मधला. गाव उत्तर इटलीतले कोमुम, म्हणजे आजचे कोमो, तळ्याकाठचे. वडील लवकर गेले. मामाने मृत्युपत्रात त्याला दत्तक घेतले. हा मामा म्हणजे थोरला प्लिनी, ३७ भागांचा 'निसर्गेतिहास' लिहिणारा. आपल्या भागातल्या वाचकांना या मामाची एक तक्रार ऐकून गंमत वाटेल. हिंदुस्थानातला माल रोमकडून दरवर्षी निदान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या व्यापाराच्या खुणा आपल्यापासून फार लांब नाहीत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात सापडलेली पॉसिडॉन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. असो. भाच्याची गोष्ट वेगळी. तो वकील झाला, पायरी-पायरीने वर चढला, इ.स. १०० मध्ये कॉन्सल झाला, आणि शेवटी सम्राट ट्रेजनने त्याला काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा कारभारी नेमले. त्याने आपल्या पत्रांची नऊ पुस्तके स्वतः सिद्ध केली. त्यांत अडीचशेच्या आसपास पत्रे आहेत. ट्रेजनशी झालेला पत्रव्यवहार दहाव्या पुस्तकात येतो.

पहिल्याच पत्रात तो सांगतो की पत्रे हाताला लागतील तशी गोळा केली, कालक्रम पाळला नाही. या वाक्यावर विसंबू नये. ही निष्काळजी फार काळजीपूर्वक केलेली आहे. एका पत्रात एकच विषय, दुःखाच्या पत्रानंतर हलके पत्र, राजकारणानंतर शेतीवाडी, अशी ही गुंफण आहे. आपल्याकडे लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रे लिहिली, तीही कोणा एकाच्या नावे टाकलेली नव्हती. समाजाला उद्देशून होती. प्लिनीच्या पत्रांना खरोखरीचे पत्ते आहेत, पण डोळा मात्र आपल्यावर, पुढच्या वाचकावर आहे. फोटो काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखा तो केस विंचरून, उपरणे सारखे करून बसला आहे. म्हणूनच त्याला आत्मप्रौढ म्हणण्याची टीकाकारांची रीत पडली आहे. आपण रानडुकरांच्या शिकारीला गेलो तेव्हाही जाळ्यापाशी वही-लेखणी घेऊन बसलो होतो, हे तो कौतुकाने सांगतो. पत्नी कॅल्पुर्निया पडद्याआड बसून आपल्या वाचनाला मिळणारी वाहवा कशी कान देऊन ऐकते, हेही सांगतो. हसू येते. पण कवितावाचनाला बायकोने यावे आणि तिने ऐकावे असे ज्याला वाटले नसेल, त्यानेच पहिला दगड उचलावा.

त्याची सर्वांत प्रसिद्ध पत्रे दोन. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला, त्याची हकीकत त्याने इतिहासकार टॅसिटसच्या विनंतीवरून पंचवीसेक वर्षांनी लिहिली. मामा मिसेनमला आरमाराचा प्रमुख होता. डोंगरावर छत्रीसारख्या पाइन वृक्षाच्या आकाराचा ढग उठला. कुतूहलाने पाहायला निघालेला मामा मदतीची चिठ्ठी येताच जहाजे घेऊन माणसे वाचवायला गेला आणि किनाऱ्यावर मेला. हे झाले पहिले पत्र, वीराचे. मला दुसरे पत्र अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्यात मागे राहिलेला सतरा वर्षांचा भाचा आहे. मामाने बरोबर चल म्हटले होते. त्याने अभ्यास आहे म्हणून नकार दिला. मग जमीन हादरत असताना तो लिव्हीच्या इतिहासाचे उतारे काढीत बसला. धैर्य म्हणावे की पोरकटपणा, असे तो स्वतःच विचारतो. पुढे मात्र, मला टाकून पळ म्हणणाऱ्या आईचा हात त्याने सोडला नाही. राखेच्या अंधारात लोक आईबापांना, मुलांना हाका मारीत होते. कोणी देवांचा धावा करीत होते, तर बरेच जण आता देव उरलेच नाहीत असे म्हणत होते. हे सारे त्याने टिपले आहे. सतराव्या वर्षीच या माणसाची घडण ठरली होती असे वाटते: जग कोसळत असताना वही न सोडणारा, आणि आईलाही न सोडणारा.

आता त्याच्या रोजच्या जगण्याची पत्रे. एकदा तो एका यजमानाकडे जेवायला गेला. तिथे जेवण दोन प्रतींचे आणि दारू तीन प्रतींची होती. पहिली प्रत यजमान आणि त्याच्या खास मंडळींना, दुसरी कमी दर्जाच्या मित्रांना, तिसरी गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना. शेजारी बसलेल्याला प्लिनीने सांगितले की आपल्या घरी सर्वांना एकच वाढले जाते. खर्च फार होत असेल, म्हणाला शेजारी. मुळीच नाही, असे प्लिनीचे उत्तर. कारण माझी माणसे माझी दारू पीत नाहीत, मीच त्यांची पितो. हे पत्र आपल्याकडच्या लग्नाच्या हंगामात कार्यालयांच्या दारावर लावून ठेवावे. मंत्र्यांच्या पंगतीला वेगळा मांडव आणि वेगळा मेनू, हे आता आपल्याकडे इतके रुळले आहे की त्यात काही खटकते हेच कोणाला पटत नाही.

दुसऱ्या एका पत्रात कवितावाचनांची हकीकत आहे. त्या वर्षी कवींचे पीक जोरात आले होते. एप्रिलमध्ये जवळजवळ एकही दिवस वाचनावाचून गेला नाही. श्रोते मात्र बाहेर गप्पा ठोकीत बसायचे. वाचणारा आला का, त्याची प्रस्तावना झाली का, गुंडाळी किती उलगडली, याची मधूनमधून चौकशी करायचे, मग रेंगाळत आत यायचे आणि संपण्याआधीच निघायचे, कोणी लपून, कोणी उघड. प्लिनी बहुतेक सगळ्यांच्या वाचनाला जातो. सीमाभागात गावोगाव साहित्य संमेलने भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना हे पत्र वाचून बरे वाटेल. आपला श्रोता एकोणीसशे वर्षे जुना आहे. रथांच्या शर्यतींवरचे पत्रही असेच. लोक घोड्यांच्या वेगासाठी किंवा सारथ्याच्या कसबासाठी जात असते तर समजण्यासारखे होते. पण त्यांचे प्रेम कापडाच्या रंगावर असते, आणि शर्यतीच्या मध्यावर रंगांची अदलाबदल केली तर प्रेमही रंगाबरोबर जाईल, असे तो म्हणतो. क्रिकेटच्या लिलावात दरसाल रंग बदलणारे खेळाडू आणि त्यांच्यासाठी भांडणारे आपले तरुण पाहिले की मला या पत्राची आठवण होते. फक्त एक आहे: शर्यतींना गेलो नाही याचे प्लिनीला जेवढे समाधान आहे, तेवढे शर्यती पाहणाऱ्यालाही मिळत नसेल.

पण मला आपल्या वाचकांपुढे मुद्दाम ठेवायचे आहे ते चौथ्या पुस्तकातले शाळेचे पत्र. प्लिनी गावी गेला असता एक ओळखीचा मुलगा बापाबरोबर भेटायला आला. कुठे शिकतोस, तर मिलानला. इथे का नाही? इथे शिक्षकच नाहीत, म्हणाला बाप. प्लिनीने जमलेल्या पालकांना सांगितले की मुले आपल्या जन्मगावी, आईबापांच्या नजरेखाली शिकावीत. परगावच्या राहण्या-खाण्यावर आणि प्रवासावर जो खर्च करता तोच एकत्र करून गावात शिक्षक आणा. स्वतः त्याने एक तृतीयांश भार उचलण्याचे कबूल केले. सगळा का नाही, याचे त्याने दिलेले कारण फार शहाणपणाचे आहे. सगळा पैसा दुसऱ्याचा असला की नेमणुकांत वशिला शिरतो. स्वतःच्या खिशातले गेले की पालक शिक्षक पारखून घेतात. प्लिनीच्या गावात भाषेचा तंटा नव्हता, हे खरे. तरीही पटसंख्या घटत चाललेली मराठी शाळा ज्यांच्या गावात आहे त्यांनी हे पत्र वाचावे. शाळा वाचवा म्हणून मोर्चात चालणारे आणि आपली मुले मात्र इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसवणारे आपण, एक तृतीयांश तर सोडाच, दहावा हिस्सा उचलतो का?

इथवर वाचणाऱ्याला प्लिनी आपला वाटू लागतो. नेमके इथेच सावध व्हायला हवे.

प्लिनीच्या घरी गुलाम होते, शेकड्यांनी होते. आठव्या पुस्तकात एक पत्र आहे. घरातले काही गुलाम आजारी पडून मेले, तरुण वयात, आणि प्लिनी खचला आहे. दोन गोष्टींचे त्याला समाधान आहे. एक, तो गुलामांना सहज मुक्त करतो. दोन, कायद्याने गुलामाला मृत्युपत्र करता येत नसले तरी तो त्यांना करू देतो आणि त्याप्रमाणे वाटण्या होऊ देतो; अट एवढीच की वाटणी घरातल्या घरात राहावी. गुलामाच्या मरणाला नुसते पैशाचे नुकसान समजणारे लोक माणसेच नव्हेत, असे त्याला वाटते. मुक्त केलेल्या झोसिमसला रक्ताच्या गुळण्या होऊ लागल्या तेव्हा त्याला हवापालटासाठी त्याने इजिप्तला पाठवले; दुखणे उलटले तेव्हा एका मित्राच्या शेतावर, चांगल्या हवेसाठी आणि दुधासाठी. ही माया खोटी आहे असे मी म्हणणार नाही. वाचताना डोळे ओलावतात.

आता तिसऱ्या पुस्तकातले पत्र उघडावे. लार्सियस मॅसेडो हा मोठा अधिकारी, पण स्वतः एका मुक्त गुलामाचा मुलगा. गुलामांशी तो फार क्रूर वागे, असे प्लिनीच सांगतो. एके दिवशी न्हाणीघरात गुलामांनी त्याला घेरून मारले आणि जिवंत आहे का हे पाहायला तापलेल्या फरशीवर टाकले. तो काही दिवस जगला, आणि खुन्याचा सूड जसा मेल्यावर घेतात तसा तो जिवंतपणी पाहून गेला. हे प्लिनीने समाधान म्हणून नोंदवले आहे. मग त्याच्या मनात येते ते हे: मालक दयाळू असला म्हणून सुरक्षित नसतो. जो मालक दयाळू नव्हताच, त्याच्या खुनातून दयाळू मालकाने काढलेला हा निष्कर्ष आहे! आणि पुढे काय, तर कागद शिल्लक आहे, सुट्टीचा दिवस आहे, म्हणून याच मॅसेडोला पूर्वी सार्वजनिक स्नानगृहात चुकून बसलेल्या एका थपडेचा किस्सा.

प्लिनी जन्मला त्याच सुमारास, इ.स. ६१ मध्ये, रोमचा नगराधिकारी पेडॅनियस सेकुंडस याचा त्याच्या एका गुलामाने खून केला, तेव्हा त्या छपराखालच्या ४०० गुलामांना मृत्युदंड देण्यात आला होता. पुढे प्लिनीच्या काळी आफ्रानियस डेक्स्टर हा कॉन्सल मेलेला आढळला. आत्महत्या की खून हे कळेना, आणि त्याच्या मुक्त गुलामांचे काय करायचे हा प्रश्न सेनेटपुढे आला. प्लिनीचे मत त्यांना सोडून द्यावे असे होते. इतर काही हद्दपारी मागत होते, काही मृत्यू. प्लिनीचे मत सर्वांत माणुसकीचे. पण या प्रसंगावरचे त्याचे लांबलचक पत्र आहे कशाविषयी? हद्दपारीवाल्यांची आणि मृत्युदंडवाल्यांची मते एकत्र मोजावीत की वेगळी, या कामकाजाच्या नियमाविषयी. शेवटी मृत्यू मागणारा हद्दपारीच्या बाजूला गेला. ती माणसे कोण होती, त्यांनी काही केले होते का, त्यांची मुलेबाळे होती का, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. त्यांच्यासाठी मत आहे. त्यांच्याकडे नजर नाही.

बिथिनियातली पत्रे वाचताना हीच गोष्ट ठळक होते. प्लिनी तिथे इ.स. ११० च्या सुमारास गेला. कारभारी म्हणून तो प्रामाणिक आणि कष्टाळू. निकोमीडिया शहराने पाणी आणण्यासाठी ३३,१८,००० सेस्टर्स खर्चून कालव्याचे बांधकाम केले, ते अर्धवट सोडले आणि पाडलेही. मग दुसऱ्यावर २,००,००० घातले, तेही टाकून दिले. नायसियाच्या नाट्यगृहावर एक कोटीहून जास्त गेले आणि ते भेगा पडून खचते आहे. (आकडे बदलले तर ही पत्रे आपल्या कोणत्याही जिल्ह्यातून निघालेली वाटतील. ट्रेजनने मात्र उलट टपाली विचारले की हा पैसा कोणाच्या दोषाने वाया गेला ते शोधा; आपल्याकडे हा प्रश्न चौकशी समितीच्या कपाटात निजतो.) त्याच निकोमीडियात मोठी आग लागली, लोक हात बांधून पाहत राहिले, शहरात पंप नाही, बादली नाही. प्लिनीने १५० जणांचे अग्निशामक पथक मागितले. ट्रेजनने नाकारले. माणसे कोणत्याही नावाने एकत्र आली की त्यांचा राजकीय गट होतो, म्हणून. घरे जळाली तरी चालतील, माणसे जमता कामा नयेत! साम्राज्य म्हणजे काय, हे याहून थोडक्यात कोणी सांगितलेले मला माहीत नाही.

आणि मग ते ९६ वे पत्र येते. ख्रिस्ती लोकांबद्दलचे रोमन अधिकाऱ्याचे सर्वांत जुने उपलब्ध निवेदन म्हणून त्याचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. प्लिनी सम्राटाला विचारतो की या लोकांचे काय करावे. आपण काय केले तेही तो सांगतो. तीनदा विचारले, जे ठाम राहिले त्यांना मृत्यूकडे धाडले, कारण त्यांचे म्हणणे काहीही असो, हट्ट तरी शिक्षेस पात्रच होता. त्यांचा अपराध काय, तर ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमणे, ख्रिस्ताचे स्तोत्र म्हणणे, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेणे. सत्य काय ते नीट कळावे म्हणून त्याने सेविका म्हणवणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ करून जबाब घेतला. खुळचट, बेसुमार अंधश्रद्धेपलीकडे काही सापडले नाही, म्हणून त्याने पुढचा तपास थांबवून सल्ला मागितला.

भाषाशैलीचा विचार करणाऱ्याने इथे थांबावे. या वाक्याचा आवाज आणि पाण्याच्या कालव्याच्या वाक्याचा आवाज एकच आहे. तोच नेमकेपणा, तीच शांतता, तोच विनय. राग नाही, द्वेष नाही, आनंद तर मुळीच नाही. छळ हा चौकशीचा भाग होता. गुलामाची साक्ष छळ करूनच घ्यायची, हा रोमचा रिवाजच होता. प्लिनीने नियम पाळला आणि उरलेल्या शंकेसाठी वरिष्ठांना लिहिले. जे गद्य आईच्या हाताला घट्ट धरते, झोसिमसच्या खोकल्याने कासावीस होते, ते या दोन बायकांपाशी जराही अडखळत नाही. म्हणूनच मला वाटते, आत्मप्रौढी हे प्लिनीचे फार तर एक हसरे वैगुण्य आहे. त्याचे खरे वैगुण्य त्याच्या सर्वांत मोठ्या गुणात आहे, त्या न अडखळणाऱ्या, सारख्या चालीच्या शैलीत. चांगले गद्य कधी कधी अडखळले पाहिजे.

कोणी म्हणेल, त्या काळच्या माणसाला आजच्या मापाने का मोजता? मी आजचे माप लावत नाही, प्लिनीचेच लावतो. तीन प्रतींची दारू दुसऱ्याच्या घरात त्याला लगेच दिसली. गुलामाच्या मरणाला नुकसान म्हणणारे माणूस नव्हेत, हेही त्यानेच म्हटले. माप त्याच्याकडे होते. ते त्याने आपल्या कचेरीत नेले नाही, इतकेच. आपल्याकडेही शाळेत समतेचे धडे शिकवणाऱ्या घरांत धुणेभांडी करणाऱ्या बाईचा चहाचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला असतो. लग्नातला वेगळा मांडव आपल्याला दिसतो. खिडकीतला कप दिसत नाही. प्लिनी वाचायचा तो यासाठी. तो वाईट माणूस असता तर त्याची पत्रे आपल्या काही कामाची नव्हती.

शेवटी पाचव्या पुस्तकातले एक पत्र सांगतो. फुंडानस या मित्राची धाकटी मुलगी लग्न ठरलेले असताना गेली. लग्नाचे कपडे आणि मोती यांसाठी काढलेला पैसा बापाने ऊद-अत्तराकडे वळवला, हे लिहिताना प्लिनीचे मन गलबलले आहे. चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते, असे पत्राच्या जुन्या प्रतींत आहे. मुलीचे नाव त्याने कुठेच लिहिलेले नाही. पण एकोणिसाव्या शतकात रोमजवळ तिच्या कुटुंबाचे थडगे सापडले, त्यातल्या लेखावरून आपल्याला कळते की ती मिनिसिया मार्सेला, आणि ती १२ वर्षे, ११ महिने, ७ दिवस जगली. प्लिनीचाही शिलालेख आहे. त्याने मृत्युपत्रात गावासाठी स्नानगृह ठेवले आणि आपल्या १०० मुक्त गुलामांच्या पोटासाठी १८,६६,६६६ सेस्टर्स ठेवले, असे त्यावर कोरले आहे. दानाचा हिशेब शेवटच्या नाण्यापर्यंत आहे. बिथिनियातल्या त्या दोन बायकांचा दगड नाही, नाव नाही, वय नाही. त्या होत्या एवढे आपल्याला कळते ते एका सभ्य माणसाने आपल्या वरिष्ठाला लिहिलेल्या पत्रातल्या एका वाक्यावरून.